तारीख पडली

आमच्या सिंधुदुर्गात पेपर हातात आला की लोक आधी निधनवार्ता बघतात, मग ‘आगामी कार्यक्रम’. हे दुसरं सदर माझ्याकडे. कुडाळच्या कार्यालयात बसायचं आणि आठही तालुक्यांतून आलेल्या चिठ्ठ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पत्रिका, रस्त्याकडेच्या फलकांचे वाकडेतिकडे फोटो यांतून मजकूर काढायचा. अमुक देवळात दशावतारी नाटक, तमुक वाडीत डबलबारी म्हणजे दोन बुवांच्या भजनांचा सामना, वाचनालयात चित्रकला स्पर्धा, शाळेचं गॅदरिंग. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जेमतेम साडेआठ लाख वस्तीचा जिल्हा. नवख्याला वाटतं, इथे रोज छापण्यासारखं काय असणार? पण कार्तिक लागला की पावसाच्या तोंडापर्यंत जिल्ह्यात कुठे ना कुठे दशावताराची पायपेटी वाजत असते.

या सदराचं अर्धं काम पंचांगच करतं. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणांची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, कुणकेश्वरची यात्रा महाशिवरात्रीला. दशावतारी कंपनीच्या मालकाला विचारावं, तिथींवरून हंगामभराचे मुक्काम तोंडपाठ सांगतो. पंचांगाला न जुमानणारी एक जत्रा आहे, आणि नेमकी तीच सगळ्यांत मोठी: मसुऱ्याच्या आंगणेवाडीची, भराडी देवीची. शेतीची कामं उरकतात, पारध म्हणजे शिकारीचा विधी होतो, देवीचा कौल घेतला जातो आणि मग तारीख जाहीर होते. २०२३ ला ती ४ फेब्रुवारी होती, २०२४ ला २ मार्च. त्यामुळे फेब्रुवारीचा कार्यक्रम ठरवणारा आमच्याकडचा शहाणा माणूस तो पेन्सिलीने लिहितो.

२०२४ चाच डिसेंबर. नव्या वर्षाच्या पुरवणीसाठी मी पुढच्या तीन महिन्यांचं पान लावत होतो. फेब्रुवारी छान भरला होता. एवढ्यात मालवणच्या वार्ताहराचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“तारीख पडली. बावीस फेब्रुवारी, शनिवार.”

बातमी संध्याकाळी लिहायची होती, पण तिच्याआधी फोन सुरू झाले. लालबाग, परळ, नालासोपारा, डोंबिवली. बातमी सगळ्यांना आधीच कळलेली. पेपरवाल्याकडून फक्त शिक्का मारून हवा होता. “नक्की मा? मगे तिकीट काढूक बरा.” रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नुकतेच त्याचे ६० झाले होते. एकेक चाकरमानी फोनवरच बोटं मोजत उलटा हिशेब करत होता. एकाने तर कणकवलीला उतरू की कुडाळला, हेही मलाच विचारलं. दोन्हीकडे तितकीच गर्दी असणार, असं सांगितलं.

फोनच्या मधल्या फटीत मी कॅलेंडर पुढ्यात ओढलं. १९ ला शिवजयंती. २१ ला दहावीची परीक्षा सुरू, म्हणजे शाळांचे हॉल बंद. २२ ला जत्रा, २३ ला मोडयात्रा, म्हणजे जत्रेचा समारोप. २६ ला महाशिवरात्र, म्हणजे अख्खा देवगड कुणकेश्वराकडे. २७ ला मराठी भाषा गौरव दिन, वाचनालयांचा हक्काचा. नऊ दिवसांत एवढं! छोट्या जिल्ह्यात ना कलाकार कमी पडत, ना प्रेक्षक, अडतं ते मंडपवाल्यापाशी. त्याच खुर्च्या, तोच जनरेटर, तोच साउंडवाला. एसटीच्या गाड्यासुद्धा जत्रेकडे वळवतात, मग बाकीच्या गावांत संध्याकाळी सातनंतर माणूस जायचा कसा आणि परतायचा कसा? संस्कृतीवर भाषणं करणाऱ्यांनी एकदा या खुर्च्यांचा हिशेब मांडून बघावा.

पान उसवायला घेतलं. डबलबारीवाल्याने स्वतःच फोन केला. “बावीस काढून टाक. बुवा येतले रे, पण ऐकूक कोण ऱ्हवतलो?” एका मंडळाने एकांकिका मार्चमध्ये ढकलल्या. उरला मसुऱ्याच्या बाजूच्या एका वाचनालयाचा कार्यक्रम. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई ते चालवतात. त्यांनी २२ च्या संध्याकाळी पिंगुळीचे बाहुल्यांचे कलाकार बोलावले होते. पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगणं, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावल्यांचा खेळ जपला. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या पहिल्या पानावर मोठा फोटो गेला होता. एरवी या खेळाला आतल्या पानावर दोन ओळी मिळतात.

मी बाईंना म्हटलं, “बाई, तुमचा कार्यक्रम काढतंय. जत्रा इली.”

“काढू नको रे. शुक्रवार घाल.”

“आदल्या दिवशी? घराघरात पाव्हणे भरलेले असतले.”

“मगे? पाव्हण्यांवांगडा पोरां येतत मा? आवशीबापाशींका ओटीची नि रांगेची चिंता. पोरां खळ्यात मोबाईल घेऊन बसतत. गेली कितीतरी वर्सां बघतंय मी. मुंबयच्या पोरांक बाहुली दाखवूक ती इलेली असतानाच दाखवक व्हयी.”

माझं सगळं पान जत्रेपासून पळत होतं. बाई तिच्याच दाराशी खुर्च्या मांडायला निघाल्या होत्या. खुर्च्याही नाहीत म्हणे, वाचनालयाच्या अंगणात चटया.

कलाकारांना मीच फोन लावला. शुक्रवार मोकळा होता. त्यांची चौकशी वेगळीच. वारा किती असतो? आजूबाजूला रस्त्याचा दिवा आहे का? कळसूत्री बाहुल्या उजेडात चालतात, पण सावल्यांच्या खेळाला काळोख लागतो. फेब्रुवारीच्या शेवटी सातच्या आत तो नीट पडत नाही. म्हणून पाच वाजता मुलांनी बाहुली करून बघायची आणि सातनंतर रामायणातला प्रसंग, असं ठरलं. रस्त्यावरच्या दिव्याचं काय ते बाई ग्रामपंचायतीशी बघणार होत्या.

संपादक म्हणाले, जत्रेच्या चौकटीत जागा नाही, जाहिराती येणार. खरं होतं, त्या चौकटीवर वर्षभराचा जमाखर्च टेकलेला असतो. मी रेल्वेच्या चौकशीची चौकट एका ओळीने आवळली आणि तिच्याखाली बाहुल्या बसवल्या. मुंबईवाला तिकिटाचं वाचायला खाली येणारच.

रात्री पान गेलं आणि बाईंचा फोन. “खाऊ आसा म्हणून लिवलंस?”

“नाही. पान गेला.”

“मगे परत घाल. खाजा आणि लाडू. लिवल्याशिवाय येवची नाय पोरां.”

दुसऱ्या आठवड्यात परत छापलं, खाऊसकट.