साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींचे फोटो काढायला हल्ली पोरं येतात. जिन्याचा गुळगुळीत सागवानी कठडा, फरशीतली नक्षी, गोलाई दिलेली बाल्कनी, दारावरचं सिमेंटात कोरलेलं इमारतीचं नाव, सगळं टिपून जातात. दोन इमारतींमधल्या बोळाकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. बघण्यासारखं तिथे असतं तरी काय? सांडपाण्याचे पाइप, वरून पडलेला कुणाचा तरी बनियन, आपोआप उगवलेली पपई. पण या इमारतींमध्ये सगळ्यात जास्त डोकं कुठे लढवलं असेल, तर ते त्या बोळात.

१८९६ साली मांडवीत प्लेग निघाला आणि मुंबईचं धाबं दणाणलं. दाटीवाटीची, अंधारी, कोंदट घरं हेच रोगाचं मूळ, असं सरकारनं धरून चाललं आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्या फोडून रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वस्ती वसवायची, हे त्याचं काम. दादर-माटुंगा त्यातूनच उभं राहिलं. ट्रस्टचे चेअरमन जे. पी. ऑर यांचा एका कोनावर फार जीव होता: साडेत्रेसष्ट अंश. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात वर रेघ ओढायची. समोरच्या इमारतीनं त्या रेघेत डोकं खुपसायचं नाही. व्यवहारात हिशेब अगदी सोपा. समोरचं घर ४० फूट उंच, तर मध्ये २० फूट मोकळं. दोन इमारतींमधला बोळ आला तो इथून. तळमजल्याच्या खोलीलाही आभाळ दिसलं पाहिजे, एवढंच.

गंमत अशी, की प्लेग कोंदट हवेतून येतच नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्येच कराचीत दाखवलं होतं. लोकांना पटायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी! तरी त्या चुकीतून आमच्या स्वयंपाकघरात ऊन आलं, म्हणून मी फार बोलत नाही. बोलायचं ते वेगळंच. ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्यांना दादरचा ब्लॉक कुठून परवडणार? त्यातले बरेच जण शेजारच्याच गल्लीत आणखी दाटीनं राहायला गेले. उजेड मिळाला तो कारकुनांना, मास्तरांना, वकिलांना.

या मंडळींना घरातच संडास मिळणार होता. वाड्यात, चाळीत जो लांब, बाहेर असायचा, तो आता उंबऱ्याच्या आत. सोय मोठी, पण सोवळ्याचं काय? मग तो पॅसेजच्या अगदी टोकाला ढकलला. साफ करणाऱ्यानं घरातून ये-जा करू नये, म्हणून कित्येक इमारतींना मागून वेगळा जिना दिला. आमचा लोखंडी आहे, गोल फिरत वर जाणारा, एका वेळी एकच माणूस मावेल इतका. पायऱ्यांना गंजानं भोकं पडलीत. प्रत्येक मजल्यावर त्याच्याकडे उघडणारं एक बुटकं दार आहे, रंगाचे थर चढून चढून चौकटीला चिकटलेलं. पुढच्या जिन्याला सागवान आणि मागच्याला पत्रा. प्लॅन काढणाऱ्याला जात वेगळी लिहावी लागली नाही. आता तिथे फडकी वाळतात आणि कुंड्या ठेवतात. फोटोवाल्या पोरांना तो फार आवडतो. ‘व्हिंटेज’ म्हणतात.

भाडं १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं गोठलं, मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतलं, स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या. तेव्हा आमच्याकडेही पुनर्विकास आलाच, आणि यायलाच हवा होता. पावसाळ्यात छताखाली बादल्या मांडून कुणी वारसा जपत नाही.

परवा मीटिंगमध्ये पडद्यावर नवा टॉवर दाखवला. खाली पोडियम, वर जिम. शेजारच्या प्लॉटवरही तेवढाच उंच टॉवर येतोय. मी विचारलं, पाचव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागेल का?

“काका, फॉल्स सीलिंगमध्ये एलईडी देतोय ना आपण,” आर्किटेक्ट म्हणाला. “वॉर्म व्हाइट.”

उरलेली मीटिंग पार्किंगवर गेली.