पायथनचं पहिलं प्रॅक्टिकल आणि बाराचे तेरा

तासिका तत्त्वावर शिकवतो, तालुक्याच्या कॉलेजात, बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला. पोरं पहिल्या वर्षी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून आलेली, म्हणजे टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरची ती निळी स्क्रीन डॉसबॉक्समध्ये (जुने प्रोग्राम चालवायची सोय) बघत बघत. यंदा पायथन, ती पण प्रोग्रामिंगची भाषाच. वेळापत्रकात पहिल्या प्रॅक्टिकलला दोन तास, आणि मी मनातल्या मनात हिशोब केलेला की इन्स्टॉल १५ मिनिटं, मग निवांत तीन-चार प्रोग्राम होतील. कसलं काय.

लॅबचं नेट म्हणजे देवाची मर्जी, म्हणून आदल्या रात्री घरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सगळ्यात नवीन पायथन उतरवून पेनड्राईव्हमध्ये घेऊन गेलो. पहिल्याच मशीनवर नकार. आमच्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ आहे (हसू नका, त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला हे मलाही माहितीये, ते ऑफिसला सांगा) आणि पायथनने ३.९ आवृत्तीपासून विंडोज ७ सोडून दिलंय. मग ३.८ शोधा, त्यातही ३.८.१० च, कारण त्याच्यापुढच्या ३.८ वाल्यांचा विंडोजसाठी तयार इन्स्टॉलरच दिलेला नाही. शिवाय मशीन ३२ बिटची, म्हणजे फाईल पण ३२ बिटचीच पाहिजे. २५-३० एमबीची फाईल, पण परत हॉटस्पॉट, परत पेनड्राईव्ह, पोरं बाकावर बसून रील्स बघतायत. चार मशीनवर विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक १ (सुधारणांचा गठ्ठा) सुद्धा नव्हता, तिथे इन्स्टॉलर हलेना, ती बाजूलाच ठेवली आणि एकेका मशीनवर तीन-तीन जण बसवले.

बरं एकदाचं झालं, म्हटलं काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट, जिथे विंडोजला हुकूम टाइप करून देतात) पायथन टाइप करा. सहा मशीनवर तेच उत्तर, असली कमांड ओळखत नाही. इथे चूक माझीच. इन्स्टॉलरच्या पहिल्या स्क्रीनवर एकदम खाली एक छोटा चौकोन असतो, पायथन पाथमध्ये टाकायचं का म्हणून, आणि तो आपणहून टिक केलेला नसतो, मी घाईत धडाधड इन्स्टॉल नाऊ दाबत सुटलो होतो. आपण नुसतं नाव टाकलं की विंडोज अख्खी डिस्क शोधत बसत नाही, ठराविक फोल्डरांच्या यादीत बघतं आणि नाही सापडलं की हात वर करतं. त्या यादीलाच पाथ म्हणतात. परत इन्स्टॉलर चालवून मॉडिफायमध्ये जाऊन टिक केली, तरी तेच! दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की मी जुनीच काळी खिडकी उघडी ठेवून त्यातच टाइप करतोय, आणि तिला बदललेला पाथ माहितीच नसतो. बंद करून नवीन उघडली, चाललं. (पायथनऐवजी नुसतं पीवाय टाकलं असतं तरी काम झालं असतं हे घरी गेल्यावर कळलं. असो.)

आता राहिली ४० मिनिटं. त्यात अर्ध्या पोरांकडे मागच्या बॅचच्या जर्नलची झेरॉक्स, ती कुठल्या काळातली देव जाणे, स्क्रीनवर मजकूर दाखवणाऱ्या प्रिंट कमांडला कंसच नाहीत. पायथन २ मध्ये ते चालायचं, त्या पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच बंद झाला, पण झेरॉक्सला कुठे एक्स्पायरी असते. सगळीकडे लाल एरर. एक मात्र चांगलं, पायथन एररमध्येच सांगतं की बाबा प्रिंटचा कंस राहिला, टर्बो सीने एवढं प्रेमाने कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं झेरॉक्स ठेवा बॅगेत, आणि काळी खिडकी पण बंद करा, आयडल उघडा (पायथनबरोबरच येणारी कोड लिहायची खिडकी). दोन संख्या विचारायच्या, बेरीज दाखवायची, बास. प्रश्न मराठीत लिहिलात तरी चालेल असं उगाच बोलून गेलो. सगळ्यांनी १२ आणि १३ दिले, उत्तर आलं १२१३. एकच हशा. मला तेच हवं होतं, कारण इनपुटने (टाइप केलेलं आत घेणाऱ्या कमांडने) आलेलं सगळं आधी अक्षरंच असतं, अक्षरं जोडली की एकापुढे एक चिकटतात, संख्या पाहिजे असेल तर इंट (अक्षरांची संख्या करणारी कमांड) लावायचं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीच्या स्क्रीनवर बघितलं तर १२१३ चक्क देवनागरीत. विचारलं हे काय, तर म्हणाली, "सर, प्रश्न मराठीत विचारलाय ना, म्हणून उत्तर पण मराठीत दिलं."

मी अगदी मास्तरी आवाजात सांगितलं की आत्ता अक्षरं आहेत म्हणून चाललं, इंट लावलंस की एरर येणार बघ, मराठी आकडे त्याला कळत नाहीत. आजूबाजूची पोरं पण बघायला उठली. तिने इंट लावलं, देवनागरीत १२ टाकलं, एंटर, देवनागरीत १३, एंटर.

२५. इंग्रजी आकड्यांत, पण २५.

मी तिला परत करायला लावलं. परत २५. मग एकाने एक आकडा मराठी आणि एक इंग्रजी असा मिसळून टाकला, तरी बरोबर. आता लॅबमध्ये कोण ऐकतंय, कुणी व्हेरिएबलचं (किंमत साठवायच्या डब्याचं) नावच 'उधारी' ठेवलं, ते पण चाललं. पण कोडमध्येच थेट देवनागरी १२ लिहिलं की मात्र एरर, बाहेरून टाइप केलेलं चालतं आणि आत लिहिलेलं नाही. असं का, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं उद्या सांगतो. सात वर्षं शिकवतोय, 'उद्या सांगतो' इतक्या खऱ्या मनाने पहिल्यांदाच म्हणालो असेन.

रात्री वाचलं. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरसाठी नोंदवलेल्या) तक्त्यात प्रत्येक अंकाला त्याची किंमत लिहून ठेवलेली असते, देवनागरी ५ ची किंमत पण पाचच, आणि इंट ती किंमत बघतं, लिपी बघत नाही. व्हेरिएबलच्या नावाला पायथन ३ मध्ये बाकी लिप्यांची अक्षरं चालतात. कोडमध्ये थेट लिहायची संख्या मात्र साध्या इंग्रजी अंकांतच पाहिजे, असं त्या भाषेचं व्याकरणच आहे.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर तिचा पुढचा प्रश्न तयार, "मग सर, उत्तर मराठीत का नाही आलं?" तो आमचा दुसरा प्रोग्राम झाला, सिलॅबसमध्ये नसलेला. शून्य ते नऊच्या जोड्या लावणारा तक्ता पायथनच्या मेकट्रान्स या कमांडने बनवायचा, उत्तर आधी अक्षरांत बदलायचं आणि त्या तक्त्याप्रमाणे अक्षरं बदलणाऱ्या ट्रान्सलेटमधून काढायचं, दोन ओळींचं काम.

परवा जर्नल तपासायला आले. तिच्या पहिल्या प्रॅक्टिकलच्या पानावर आउटपुट लिहिलंय २५, स्वच्छ देवनागरीत. एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) विचारेल हे काय म्हणून, तेव्हा ती बघेल काय सांगायचं ते. मी सही केली.