कथा छापून येईपर्यंत

दिवाळी अंकात एक कथा यावी, एवढीच माझी इच्छा होती. पुस्तक, पुरस्कार वगैरे पुढचं पुढे. १९०९ साली संपादक का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे आणि नव्या कथालेखकाला आजही पहिली दखल तिथेच हवी असते. मलाही हवी होती.

पण या अंकांचं एक वेळापत्रक असतं. एप्रिल-मेपासून 'साहित्य पाठवा'ची आवाहनं फिरू लागतात, जून-जुलैत मुदत संपते. कथा अप्रकाशित हवी, युनिकोडमध्ये टाइप केलेली हवी आणि एकाच वेळी दोघांना पाठवलेली नको. निवड झाली की नाही, हे कळेकळेपर्यंत गणपती येतात आणि तोवर इतर अंकांची पानं लावून झालेली असतात. म्हणजे एका कथेला वर्षातून एकच दार. ते उघडलं नाही की थेट पुढची दिवाळी.

सुरुवातीची वर्षं अशीच गेली. बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. एका अंकाने कथा घेतली आणि शेवटच्या क्षणी वगळली, कारण जाहिराती वाढल्या आणि पानं कमी पडली. आणखी एकाने 'कथा चांगली आहे, एखादी जाहिरात मिळवून देता का' असं सरळ विचारलं. राग आला, पण अंक जाहिरातींवरच उभा राहतो हे मलाही कळतं. खरी चीड यायची ती 'धीर धर' म्हणणाऱ्यांची. धीर धरून करायचं काय? रोज मेल उघडून बघायचा?

मग एका संपादकांनी माझी कथा छापील प्रतीवर पेन्सिलने खुणा करून पोस्टाने परत पाठवली. कथा निवृत्त एसटी कंडक्टर आणि त्याच्या मुलीची. शेवटचं वाक्य होतं, 'बाबांनी तिकिटाचा पंच टेबलावर ठेवला आणि मला त्यांच्या आयुष्यभराच्या एकटेपणाची जाणीव झाली.' 'ठेवला'नंतरचं सगळं त्यांनी एका रेघेत उडवलं होतं. समासात लिहिलं होतं, 'पंच आधी कुठेच दिसत नाही. हा माणूस नोकरीवर असताना काय करायचा?'

मला माहीत नव्हतं. मी एसटीने आयुष्यभर प्रवास केलाय, पण प्रवाशाच्या सीटवरून. ओळखीतले एक काका कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. पहिले काही दिवस ते मुलांच्या नोकऱ्यांबद्दलच बोलत राहिले. मग हळूहळू वेबिल, म्हणजे तिकिटांच्या नोंदीचा कागद, आलं, रात्री डेपोत पैशांचा हिशेब लावणं आलं, चिल्लर कमी भरली की ती खिशातून घालणं आलं. आणि एक दिवस मुक्कामी गाडी आली. रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, ड्रायव्हर-कंडक्टरने तिथेच झोपायचं, पहाटे पहिली फेरी घेऊन परत निघायचं. काका म्हणाले, "गावात कुणी ना कुणी भाकरी आणून द्यायचं. घरी मात्र बायकोला वाटायचं, हे उपाशीच झोपले असतील. मीही कधी सांगितलं नाही. म्हटलं, वाटू दे."

माझी कथा त्या 'वाटू दे'मध्ये होती. नव्याने लिहायला घेतली, तेव्हा मुलगी मागे सरली आणि आई पुढे आली. 'एकटेपणा' हा शब्द पूर्ण कथेत कुठेही उरला नाही. ती लिहिताना मेल बघायची आठवणही राहत नसे. वाट बघण्याचे आणि लिहिण्याचे महिने तेच होते, फक्त हाताला काम मिळालं होतं.

'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कथा पुन्हा पुन्हा लिहायला लावत, हे आपण कौतुकाने सांगतो. पण याच 'सत्यकथे'ची १९६९ साली तरुण लेखकांनी होळी केली होती. त्यांच्या भांडणाची कारणं निराळी आणि मोठी होती. तरी संपादकाच्या पसंतीची वाट बघत बसण्याचा कंटाळा मला पुरेपूर समजतो. सगळ्याच पेन्सिली शहाण्या नसतात. माझ्याही कथेतल्या एका संवादावर माझ्या संपादकांची काट होती, ती मी मानली नाही. त्यांनीही पुढे आग्रह धरला नाही.

दुसऱ्या खर्ड्यावरही खुणा आल्या, तिसऱ्यावर कमी. त्या वर्षीची मुदत हुकली, पुढच्या वर्षी कथा लागली. मानधनाचा चेक आला, लेखकाची प्रत आली. आईने आधी भविष्याची पानं वाचली, मग कथा.

दिवाळीनंतर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. निवृत्त कंडक्टर होते. कथा कशी वाटली, याबद्दल चकार शब्द नाही. "ताई, तुमचे वडील कुठल्या डेपोला होते?"

वडील शाळामास्तर होते, हे सांगायचं अगदी जिवावर आलं. तरी सांगितलं. क्षणभर गप्प राहून ते म्हणाले, "असू द्या. आमच्या मुक्कामाच्या गावी काय झालं होतं ते सांगू का?"

मी वही ओढली.