नडगीचे मांस, कंदमुळे आणि मंद आच

बीफ स्ट्यू बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: मांस आणि भाज्या एकाच वेळी भांड्यात पडतात. नडगीच्या मांसाला मऊ व्हायला तीन तास लागतात आणि गाजराला पाऊण तास पुरतो, तरीही कित्येक पाककृतींमध्ये सगळे जिन्नस एकत्र घालून तीन तास शिजू द्यावेत, एवढेच लिहिलेले असते. मग मांस छान होते, पण गाजराची सगळी चव रसात उतरून मागे नुसता केशरी चोथा उरतो. आणि भाज्यांकडे पाहून भांडे लवकर उतरवले, तर मांस चिवट राहते. मी मूळची वसईची, गेली काही वर्षे आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात राहते, आणि इथल्या लांबलेल्या, ओल्या हिवाळ्यात हा पदार्थ माझ्या स्वयंपाकघरात सतत होत असतो. तो करताना कोणती पायरी कशासाठी असते, हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

सुरुवात मांसापासूनच करायला हवी, कारण इथे चूक झाली तर पुढे कितीही निगुतीने शिजवले तरी ती भरून निघत नाही. स्ट्यूसाठी महागडे, लुसलुशीत मांस घेऊ नये. फिले किंवा सरलॉइन हे पाठीच्या कण्यालगतचे, जनावराला फारसे वापरावे न लागणारे स्नायू असतात. ते तव्यावर झटपट भाजण्यासाठी उत्तम, पण तीन तास शिजवले तर त्यांचा कोरडा भुसा होतो. स्ट्यूला हवेत ते जनावराचा भार वाहणारे, दिवसभर राबणारे स्नायू, म्हणजे नडगी, खांदा, मान किंवा गाल. या स्नायूंमध्ये कोलॅजन नावाचे संयोजी ऊतक भरपूर असते. कच्चे असताना हेच ऊतक मांसाला चिवट करते, आणि ओलसर उष्णतेत पुरेसा वेळ मिळाला की त्याचेच विरघळून जिलेटिन होते, ज्यामुळे घास मऊ लागतो आणि रसाला ओठांना किंचित चिकटणारा दाटपणा येतो. निहारीसाठी, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजणाऱ्या त्या रस्स्यासाठी, नडगीच का लागते, याचे उत्तरही हेच आहे.

कॉर्कच्या इंग्लिश मार्केटमध्ये, 1788 साली सुरू झालेल्या त्या मंडईत, खाटकाकडे नडगीचा आडवा काप पाहायला मिळतो. गडद लाल मांसाच्या मधून चंदेरी पापुद्रे गेलेले असतात आणि एकदोन ठिकाणी पांढुरकी, अर्धपारदर्शक शीर दिसते. ती शीर पाहून अनेक जण तो तुकडा नाकारतात आणि एकसारखे लाल, स्वच्छ दिसणारे मांस मागतात. मी उलट करते: बाहेरचे जाड, कोरडे आवरण तेवढे काढून घ्यायचे आणि आतल्या शिरा तशाच ठेवायच्या. तीन तासांनंतर त्या शिरेच्या जागी चमच्याने कापता येईल असा पारदर्शक, थरथरणारा थर उरतो, आणि माझ्या मते सबंध भांड्यातला तोच सर्वांत चविष्ट भाग असतो. आधीच कापून ठेवलेले स्ट्यूचे तुकडे शक्यतो घेऊ नयेत. त्यात निरनिराळ्या भागांचे मांस मिसळलेले असू शकते, आणि मग काही तुकडे विरघळून जातात तर काही दातांखाली रबरासारखे राहतात.

इथे थोडे विषयांतर करते. जगभर आयरिश स्ट्यू म्हणून ओळखला जाणारा पदार्थ मुळात मेंढीच्या मांसाचा, बटाट्याचा आणि कांद्याचा. बीफ या देशात विपुल होते, पण ते सर्वांच्या ताटात नव्हते. 17व्या आणि 18व्या शतकांत खारवलेल्या बीफची पिंपे कॉर्कच्या बंदरातून ब्रिटिश जहाजांसाठी आणि कॅरिबियन बेटांसाठी रवाना होत, आणि ती गुरे ज्यांनी राखली ती माणसे मुख्यतः बटाटा आणि ताक यांवर जगत. 1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला तेव्हा त्या जगण्याचा आधारच गेला. आज इथल्या घरोघरी आणि पबमध्ये मिळणारा बीफ आणि काळ्या बिअरचा स्ट्यू त्या मानाने अलीकडच्या सुबत्तेतला आहे. हे लक्षात ठेवून तो खावा, असे मला मनापासून वाटते.

चार ते सहा माणसांसाठी एक किलो बिनहाडाचे मांस पुरते. तुकडे चांगले मोठे, चार ते पाच सेंटिमीटरचे असावेत, कारण शिजताना ते आकसतात. करण्याआधी तासभर त्यांना मीठ लावून ठेवावे आणि परतण्यापूर्वी स्वच्छ फडक्याने अगदी कोरडे पुसून घ्यावे. हे पुसणे कंटाळवाणे असले तरी टाळू नये. ओले मांस तापल्या भांड्यात पडले की आधी त्या पाण्याची वाफ होते, आणि पाणी आहे तोवर पृष्ठभागाचे तापमान 100 अंशांच्या फारसे वर जात नाही. मांसाला खमंग तपकिरी रंग आणि वास देणारी जी प्रक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांच्या नावाने ओळखली जाते आणि जिचे वर्णन त्यांनी 1912 मध्ये केले, ती झपाट्याने होण्यासाठी साधारण 140 अंशांच्या पुढची उष्णता लागते.

परतल्याने मांसाची रंध्रे बंद होतात आणि रस आत राहतो, ही समजूत अजूनही सर्रास सांगितली जाते. 19व्या शतकाच्या मध्यावर युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती मांडली आणि तिला मोठी मान्यता मिळाली, पण ती खरी नाही. तांबूस झालेल्या थरातूनही रस बाहेर येतच असतो, आणि तडतडण्याचा आवाज त्याचाच असतो. परतायचे ते केवळ चवीसाठी. म्हणून सर्व बाजू एकसारख्या लाल करण्याचा आग्रहही मी धरत नाही. बिडाच्या जाड बुडाच्या भांड्यात थोडे तेल चांगले तापवून, तुकडे एकमेकांना न चिकटतील असे दोनतीन घाण्यांमध्ये घालावेत आणि प्रत्येकाच्या दोन बाजू खरोखर खरपूस होईपर्यंत त्यांना अजिबात हलवू नये. सगळ्या बाजूंना फिकट रंग आणण्यापेक्षा दोन बाजूंना गडद रंग आणलेला बरा. भांड्याच्या बुडाला जी खरपुडी धरते ती स्ट्यूचे अर्धे बळ आहे. ती करपून काळी मात्र होऊ देऊ नये.

मांस बाजूला काढून त्याच भांड्यात दोन मोठे कांदे आणि सेलरीचे दोन देठ चिरून घालावेत. कांद्याला सुटलेल्या पाण्याने खरपुडी आपोआप सैल होऊ लागते, ती लाकडी उलथन्याने खरवडून घ्यावी. कांदा सोनेरी झाला की लसणाच्या चारपाच पाकळ्या, मोठा चमचाभर टोमॅटो प्युरी आणि दोन मोठे चमचे मैदा घालून दोनतीन मिनिटे परतावे, म्हणजे मैद्याचा कच्चेपणा जातो. मग काळी बिअर, म्हणजे स्टाउट, सुमारे 400 मिलिलिटर घालून एक उकळी आणावी. तिचा काळा रंग आणि कडवटपणा भाजलेल्या बार्लीतून येतो. आटल्यावर तो कडवटपणा वाढतो, म्हणून बिअर याहून जास्त घालू नये. गोडसर कंदमुळे पुढे तिचा समतोल साधतात. ज्यांना मद्य नको त्यांनी सगळा बीफ स्टॉकच घ्यावा आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर घालावे. स्टॉक मात्र बिनमिठाचा किंवा अगदी कमी मिठाचा असावा, कारण तीन तासांत तो आटणार असतो. मांस परत भांड्यात घालून तुकड्यांच्या अंगाबरोबर येईल इतकाच स्टॉक ओतावा, त्याहून वर नाही. सोबत थाइमच्या काही काड्या आणि दोन बे पाने घालावीत. आपले तमालपत्र दालचिनीच्या कुळातले आहे आणि त्याचा वास अगदी निराळा आहे; बे पान मिळत नसेल तर ते वगळावे, त्याच्या जागी तमालपत्र घालू नये.

आता मंद आचेविषयी, कारण आपल्याकडच्या सवयीने इथेच घाई होते. मांसाचे तंतू 60 अंशांच्या आसपास आकसू लागतात आणि तापमान वाढेल तसे, ओले कपडे पिळावेत त्याप्रमाणे, आतले पाणी बाहेर टाकतात. कोलॅजन विरघळण्यासाठी मात्र 70 ते 80 अंशांची उष्णता आणि भरपूर वेळ पुरतो. म्हणजे रस रटरट उकळण्याची काहीच गरज नसते, उलट त्याने मांस कोरडे होते. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा, इतकीच हालचाल असावी. शेगडीवर हे सांभाळणे कठीण जाते, म्हणून मी भांडे 150 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवते आणि झाकण बोटभर सरकवून ठेवते. त्या फटीतून वाफ जात राहते आणि तिच्याबरोबर उष्णताही जाते, त्यामुळे ओव्हन 150 अंशांवर असूनही रस उकळीच्या खालीच राहतो. शिवाय उघड्या भागावरचे मांस आणखी तांबूस होते. दोन तास ते भांडे आहे तसे राहू द्यावे.

भाज्यांची वेळ या दोन तासांनंतर येते. तीन गाजरे, दोन पार्सनिप, म्हणजे गाजरासारखे दिसणारे पांढरट कंद, आणि अर्धा स्वीड, जो पिवळसर गराचा, सलगमाच्या जातीचा मोठा कंद असतो, यांचे मोठे ओबडधोबड तुकडे करावेत. पार्सनिप थंडी पडून गेल्यानंतरचे घ्यावे, कारण गारठ्यात त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि कंद गोड होतो. बटाट्याचे गणित वेगळे आहे. इथे सर्वांत जास्त खपणारा रूस्टर हा लाल सालीचा बटाटा पिठूळ आहे. तो कडेने विरघळतो आणि रस दाट करतो, तर मेणचट जातीचा बटाटा आकार सोडत नाही. मी दोन्ही घेते: एक पिठूळ बटाटा लहान चिरून रसासाठी, बाकीचे मेणचट बटाटे मोठे चिरून खाण्यासाठी. बिअर आणि टोमॅटो यांच्या आंबटपणामुळे भाज्यांच्या पेशी धरून ठेवणारे पेक्टिन लवकर सुटत नाही, त्यामुळे साध्या पाण्यापेक्षा इथे त्यांना अधिक वेळ लागतो; पाऊण तासाने पाहावे, पण एक तास धरून चालावे. शेवटच्या पाच मिनिटांत मूठभर मटार घालावेत. मांस झाले की नाही हे काट्याने पाहावे: काटा टोचून किंचित फिरवला की तुकडा तंतूंवरून सहज सुटला पाहिजे. सुटला नाही तर भाज्या बाहेर काढून मांसाला आणखी अर्धा तास द्यावा.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. राज्यात गोहत्येवर 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च 2015 पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीच्या मांसावर ती नाही, आणि वसईत आमच्या घरी आता रविवारी तेच शिजते. हे मांस रंगाने गडद, तंतूंनी जाड आणि आतून कमी चरबीचे असते, त्यामुळे त्याला साडेतीन ते चार तास द्यावे लागतात आणि परतताना तेल थोडे जास्त लागते. प्रेशर कुकर चालेल का, असे आई नेहमी विचारते. चालतो. कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या जवळ जात असल्याने कोलॅजन 45 मिनिटांतच विरघळते. मांस थोडे कोरडे होते आणि रस मुळीच आटत नाही, म्हणून स्टॉक निम्मा घालावा, वाफ जिरल्यावर कुकर उघडून भाज्या घालाव्यात आणि पुढे झाकण न लावता मंद आचेवर शिजवाव्यात. भाज्या मांसाबरोबर कुकरमध्ये घालणे मात्र मला अजिबात मान्य नाही. स्वीड आणि पार्सनिप मिळत नसतील तर सलगम आणि नवलकोल चांगले लागतात. बाटली मसाला, म्हणजे आमच्याकडचा बाटलीत भरून ठेवायचा मिश्र मसाला, घालण्याचा मोह मलाही होतो, पण तो घातला की वेगळाच, आपल्या घरचा पदार्थ होतो, आणि तो स्वतंत्रपणे करावा इतका चांगला आहे.

स्ट्यू शक्यतो आदल्या दिवशी करावा. गार होताना मांस थोडा रस परत शोषून घेते, आणि वर जमलेला चरबीचा पांढरा थर सकाळी चमच्याने अख्खा उचलता येतो, त्यामुळे रस ओशट लागत नाही. त्यासाठी भांडे रात्रभर ओट्यावर ठेवू नये. पसरट भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडून वाफ येईपर्यंत गरम करावे. मीठ, मिरपूड आणि चिरलेली पार्सली अगदी वाढताना घालावी, कारण आटलेल्या रसाची खरी चव तेव्हाच कळते. सोबत इथला सोडा घालून केलेला गव्हाचा तपकिरी ब्रेड आणि खारे लोणी असले की आणखी काही लागत नाही. मांस संपून नुसता रस उरला तर तो फ्रीझरमध्ये ठेवावा. पुढच्या वेळी स्टॉकऐवजी तोच वापरला तर स्ट्यू पहिल्यापेक्षा अधिक दाट होतो.