कच्चं मडकं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर मला मराठीच्या तासातलं गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं थापटणंच (मडकं ठोकायचं लाकडी साधन) आठवलं. त्यांचं तेर आपल्या शेजारचं, त्यामुळे कोण पक्कं, कोण कच्चं हे पारखायला त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारल्याची कथा आपल्याला तोंडपाठ. पण कुंभारकाम कळल्याशिवाय नामदेवांचा राग कळत नाही.

चाकावरून दोऱ्यानं कापून काढलेलं मडकं जाडच असतं. थोडं सुकलं की आतून दगडाचा गुंडा धरतात आणि बाहेरून थापटण्यानं हलक्या हातानं ठोकत भिंत पातळ करतात. एकाच जागी घाव बसले तर तिथंच चीर पडते. पारखायलाही तोच हात चालतो: पक्कं मडकं खणखणतं, कच्चं बद्द वाजतं. त्या दिवशी बाकीचे संत गप्प राहिले, नामदेव चिडले, आणि काका म्हणाले, हे मडकं कच्चं.

नरसीचे नामदेव विठ्ठलाशी घरच्यासारखं बोलणारे. ते गाऱ्हाणं घेऊन देवाकडेच गेले, तर देवानंही काकांचीच बाजू घेतली, असं परंपरा सांगते. भक्ताला याहून जिव्हारी लागणारं काय असेल? देवानं त्यांना औंढ्याला, पुढे त्यांचे गुरू झालेल्या विसोबा खेचरांकडे पाठवलं. तिथं पाहतात तो विसोबा पिंडीवर पाय टाकून पडलेले! नामदेव तिथंही भांडले. विसोबा म्हणाले, देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. ठेवतील तिथं पिंड.

श्रद्धा म्हणजे न चिडणं, हे मला पटत नाही. चिडले नसते तर नामदेव औंढ्यापर्यंत पोचलेच नसते.

मडकी भाजतात त्या आव्याची आच म्हणजे हीच चीड. ओल राहिलेलं मडकं त्यात टाकलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं, म्हणून आधी सावलीत सावकाश वाळवायचं. मातीत चुनखडीचा खडा राहिला तर भाजल्यावर तो ओल धरून फुगतो आणि टवका उडतो. आच ६०० अंशांच्या आसपास गेली की मातीच्या कणांत बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं. कच्चं मडकं पाण्यात ठेवलं तर त्याचा चिखल होतो. भाजलेलं कितीही भिजवा, पुन्हा चिखल होत नाही.

नामदेव पुढे पंजाबात घुमानला राहिले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पंढरपूर सुटलं की विठ्ठल सुटेल, अशी धास्ती असलेला माणूस एवढ्या लांब गेलाच नसता.