आमची वाटचाल : काचेच्या पट्ट्या, बीडिंग आणि पाण्याचा माग

साताऱ्यात आमचं काम सीट कव्हर आणि मॅटिंगचं म्हणून सुरू झालं. पावसाळ्यानंतर मॅटिंग बदलायला येणाऱ्या गाड्यांत जुनं मॅटिंग उचललं की खालचा पत्रा ओला निघायचा. ओल्या पत्र्यावर नवं मॅटिंग टाकलं तर ते वर्षभरात कुबट वास मारणार, आणि गिऱ्हाईक आम्हालाच बोलणार. पाणी येतं कुठून हे शोधण्यातून आम्ही रबराच्या कामात शिरलो. आता दुकानातलं बहुतेक काम जुन्या गाड्यांच्या दरवाजाच्या काचेच्या बाहेरच्या पट्ट्या (काच दरवाजात उतरते त्या कडेवरच्या), रन चॅनल (काच ज्यात वर-खाली सरकते ते रबर) आणि दरवाजाचं बीडिंग (दरवाजाच्या चौकटीच्या कडेवर बसणारं रबर) यांचंच असतं.

सुरुवातीच्या गाड्या म्हणजे अँबॅसिडर, पद्मिनी आणि ओम्नी. त्यांची पुढची काच रबरात बसते. रबराच्या खाचेत दोरी भरायची, साबणाचं पाणी लावायचं, बाहेरून एकानं काच दाबायची आणि आतून दुसऱ्यानं दोरी ओढत रबराचा ओठ पत्र्यावर चढवायचा. पुढे चिकटवलेल्या काचांच्या गाड्या वाढल्या, ते काम काचवाल्यांकडे गेलं आणि दरवाजे आमच्याकडे राहिले. १९९८ साली आलेल्या इंडिका आणि सँट्रो जुन्या व्हायला लागल्या तेव्हा काम खरं वाढलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. गाडी ठेवायचीच असं ठरलं की मालक डेंटिंग-पेंटिंगसोबत रबराकडेही बघतो. एरवी कोण बघतं?

आमच्या जिल्ह्यात रबर दोन तऱ्हांनी मरतं. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या गाड्यांत रबर बरेचदा मऊच असतं, पण त्याखालचा पत्रा गेलेला असतो. बीडिंगच्या पोटातली लोखंडी पट्टी गंजून फुगते, पकड सुटते आणि चांगलं दिसणारं बीडिंग हाताला लोंबत येतं. माण-खटावच्या गाड्यांत पत्रा कोरडा ठणठणीत, पण उन्हानं ओठ कडक होऊन त्याला आडव्या चिरा पडलेल्या. पट्टीच्या मखमलीत धूळ रुतून बसते आणि काच वर-खाली होताना तिच्यावर उभ्या रेषा ओढते. त्या रेषा नवी पट्टी लावून जात नाहीत, हे आम्ही आधीच सांगतो.

आणि आधीच सांगायची दुसरी गोष्ट, जी पुष्कळ मेकॅनिकही विसरतात. काचेच्या बाहेरची पट्टी पाणी पूर्ण अडवत नाही, तिनं तसं अडवावं अशी रचनाच नाही. थोडं पाणी काचेवरून दरवाजाच्या पोटात उतरतंच. ते खालच्या कडेच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि आतल्या डोअर पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा ते केबिनमध्ये येऊ देत नाही. कुणी स्पीकर किंवा सेंट्रल लॉक बसवताना हा पडदा फाडलेला असतो, नाहीतर भोकं चिखलानं आणि अंडरकोटिंगनं बुजलेली असतात. मग मॅटिंग भिजतं आणि दोष रबराला. दरवाजा हलवल्यावर आत डुचमळल्याचा आवाज आला तर रबर विकत घेण्याआधी बारीक तारेनं भोकं मोकळी करा. पडदा नवा लावायचा तर ब्यूटाइलच्या (चिकट, मऊच राहणाऱ्या रबराच्या) दोरीवर चिकटवायचा आणि त्याची खालची कड दरवाजाच्या पोटाच्या बाजूला खोचायची. कड बाहेर राहिली तर पाणी पडद्यावरून उतरून थेट मॅटिंगवर येतं.

म्हणून गाडी आली की आम्ही आधी पाणी मारतो. साधा पाइप, कमी जोर, खालून सुरुवात करून हळूहळू वर, आणि आत टॉर्च घेऊन एक माणूस. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच पाणी ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तर या कामाला नकोच; तो नव्या गाडीतही पाणी घुसवेल. बीडिंग कुठे टेकत नाही हे बघायला त्यावर खडूची पूड चोळून दरवाजा लावायचा आणि उघडून समोरच्या भागावरचा ठसा बघायचा. जिथे ठसा तुटला तिथे फट. कागदाची पट्टी दरवाजात अडकवून ओढली तरी अंदाज येतो. सहज सुटली तर दाब नाही.

बाहेरची पट्टी काढताना काच पूर्ण खाली घ्यावी, पट्टीलगतच्या पेंटवर मास्किंग टेप लावावा. काही मॉडेलना दरवाजाच्या टोकाला एक स्क्रू असतो, तो न काढता ओढलं तर टोकाशी पत्रा वाकतो. स्क्रूड्रायव्हरऐवजी नायलॉनची पट्टी वापरून मागच्या टोकापासून थोडं थोडं वर उचलत जावं. पट्टी निघाल्यावर खाली दिसणारी कड हाच कामाचा गाभा आहे. गंज तारेच्या ब्रशनं आणि एमरी पेपरनं उघड्या पत्र्यापर्यंत काढून, प्रायमर, वर रंग, आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. घाईनं ओल्या रंगावर पट्टी ठोकली तर क्लिपा रंग खरवडतात आणि तिथूनच पुन्हा गंज धरतो. नवी पट्टी तळहातानं दाबत एका टोकाकडून दुसऱ्याकडे बसवायची. अडली तर क्लिप वाकडी आहे, हातोडी हा त्यावर उपाय नाही.

रन चॅनल बसवताना कोपरे आधी. ते साच्यातले असतात, त्यांची जागा ठरलेली. मग वरची बाजू, शेवटी उभ्या बाजू दरवाजाच्या पोटातल्या लोखंडी गाइडमध्ये खाली सरकवायच्या. जाड ओठाचं चॅनल भरलं तर काच जड चालते. हँडलच्या गाडीत काच वर-खाली करणाऱ्या मशीनवर ताण येतो, पॉवर विंडोची मोटर तापून मध्येच थांबते आणि गिऱ्हाईक मोटर बदलायला धावतं. काच सुरळीत चालावी म्हणून फक्त सिलिकॉन स्प्रे मारावा. ग्रीस, डिझेल, रॉकेल यांनी ईपीडीएम, म्हणजे चांगल्या पट्ट्या ज्याच्या असतात ते रबर, फुगतं. रॉकेलच्या बोळ्यानं पट्ट्या चमकवून देणारे आजही आहेत. चमक चार दिवस टिकते, रबर कायमचं बिघडतं.

बीडिंगला लहान गाडीच्या एका दरवाजामागे साधारण साडेतीन मीटर लागतं. सुतळीनं मोजून पाच सेंटीमीटर जास्त कापायचं. जोड खाली, पायरीच्या मध्यावर घ्यायचा. वर घेतला तर पाणी आधी तिथेच शिरतं. बसवताना बीडिंग ताणायचं नाही, उलट कोपऱ्यात किंचित आत ढकलायचं. ताणलेलं रबर उन्हात मागे सरकतं आणि जोडाला फट देतं. शेवटी पाच-सहा मिलिमीटर जास्त ठेवून टोकं एकमेकांवर दाबून भिडवायची. जोडाला चिकटपट्टी नको, सुपरग्लूचा थेंब पुरतो. उघड्या पत्र्याजवळ व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन भरू नका, त्यातल्या आम्लानं पत्रा गंजतो.

नव्या बीडिंगनंतर दरवाजा जड लागतो, आपटावा लागतो. तो आठवडाभर नीट लावून ठेवला की रबर बसतं. तरीही जड राहिला तर स्ट्रायकरचे (चौकटीवरच्या, दरवाजाचं लॉक ज्यात अडकतं त्या कडीचे) स्क्रू सैल करून तो मिलिमीटरभर बाहेर घ्यायचा. पहिल्याच दिवशी स्ट्रायकर हलवून घेतला की रबर बसल्यावर दरवाजा खडखडतो, म्हणून त्या दिवशी आम्ही त्याला हात लावत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

मालाबद्दल. पुण्याच्या नाना पेठेत मीटरवर मिळणाऱ्या काळ्या पट्ट्या दिसायला सारख्याच, पण पीव्हीसीची पट्टी उन्हात आखडते आणि दोन्ही टोकांना बोटभर जागा सोडते. ओळखायचं तर तांब्याची तार तापवून पट्टीला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. धूर चांगला नाही, उघड्यावर करा. गाडी दोन-तीन वर्षांत विकायचीच असेल तर पीव्हीसी चालेल, आम्ही स्पष्ट सांगून लावतो. ठेवायची असेल तर ईपीडीएमच.

बंद झालेल्या मॉडेलची पट्टी फोटोवरून जुळत नाही. सांगली-कोल्हापूरकडून आता कुरिअरनं मागणी येते, तेव्हा आम्ही जुन्या रबराचा दोन इंची तुकडा मागतो. तो न चेपलेल्या भागातून, म्हणजे शक्यतो वरच्या कडेचा कापावा, कारण पायरीवरचा तुकडा पायानं दबून चपटा झालेला असतो. सोबत ज्या कडेवर बीडिंग बसतं तिची जाडी लिहावी, आणि दोन पत्र्यांचा जोड येतो तिथली वेगळी.