तुम्ही विचारलंत म्हणून: घरी फोटो प्रिंटर घ्यावा का?

माझ्याकडे फोटो छापण्याचे यंत्र आहे हे कळले, की आमच्या नाशिकच्या सोसायटीतील शेजारी, नातेवाईक आणि मुलांच्या मित्रांचे पालक हटकून विचारतात, "आम्हीही घ्यावा का हो?" बहुतेकांना मी घेऊ नका असेच सांगते. कोणता प्रिंटर चांगला हा प्रश्न नंतरचा. तुमच्या घरात फोटो किती नेमाने छापले जातील, हे मी आधी विचारते.

सहलीचे किंवा बारशाचे शंभर-दीडशे फोटो वर्षातून एकदा काढून आणायचे असतील, तर शालिमारकडे किंवा कॉलेज रोडला जाताना पेन ड्राइव्ह लॅबमध्ये द्यावा आणि मोकळे व्हावे. लॅबमधला फोटो सहसा प्रकाशाने कागदावर उमटवून रसायनांत धुतलेला असतो, एकगठ्ठा दिल्यास घरच्यापेक्षा स्वस्त पडतो आणि अल्बममध्ये वर्षानुवर्षे टिकतो. भिंतीवर लावायचे मोठे फोटोही तिथूनच आणावेत. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२० च्या दशकापासून टपाल तिकिटे आणि १९२८ पासून नोटा छापणाऱ्या गावाला छपाई घरात आणण्याचा मोह व्हावा यात नवल नाही, पण हौस आणि गरज यांत फरक करावा लागतो.

फोटो कुठेही छापा, मूळ फाइल नीट हवी. ४×६ इंचांच्या चांगल्या प्रिंटसाठी साधारण १२००×१८०० पिक्सेल लागतात, ८×१२ साठी दोन्ही बाजूंना त्याच्या दुप्पट, म्हणजे २४००×३६००. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बहुधा आकसलेला असतो, त्यामुळे तो लहान प्रिंटला चालून जातो आणि मोठ्या प्रिंटला अस्पष्ट दिसतो. शिवाय मोबाइलचा फोटो सहसा ४:३ प्रमाणात असतो आणि ४×६ चा कागद ३:२ प्रमाणात, म्हणून कडेचे काहीतरी कापले जातेच. ते आजीचे डोके असू नये एवढे आधी पाहून घ्यावे.

शाईचा प्रिंटर, मग तो कार्ट्रिजचा असो वा टाकीचा, सतत चालता राहावा लागतो. त्याच्या हेडची, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाची, छिद्रे केसाहून बारीक असतात आणि यंत्र पडून राहिले की त्यांच्या तोंडाशी शाई सुकते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर लवकरच. मग प्रिंटवर पांढऱ्या रेघा येतात, आपण हेड क्लीनिंग चालवतो आणि त्यात गेलेली शाई कागदावर न उतरता यंत्राच्या पोटातल्या पॅडमध्ये जिरते. पावसाळ्यात उघडा राहिलेला ग्लॉसी कागद ओल धरून वळतो, ते वेगळेच. तरीही ज्यांच्याकडे शाळेचे प्रकल्प, भेटकार्डे किंवा छोटा घरगुती व्यवसाय यांमुळे दर आठवड्याला काहीतरी छापले जाते, त्यांनी टाकीवाला प्रिंटर जरूर घ्यावा, आणि परवडत असेल तर सहा रंगांचा. फिकट निळ्या आणि फिकट गुलाबी शाईमुळे चेहऱ्याच्या छटा मऊ उतरतात, चार रंगांत त्या काहीशा दाणेदार दिसू शकतात.

माझ्याकडे आहे तो तिसऱ्या प्रकारचा, डाय-सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णतेने कागदावर रंग चढवणारा. कॅननचे सेल्फी मालिकेतले छोटे प्रिंटर याच जातीचे. यात शाई नसते, रंगाची रिबन असते. कागद चारदा आत-बाहेर होतो: आधी पिवळा चेहरा दिसतो, मग लालसर, मग निळा रंग चढून खरा फोटो, आणि शेवटी पारदर्शक लेप, त्यामुळे हाताला कोरडाच लागतो. महिनोन्महिने कपाटात राहिला तरी सुकण्यासारखे काही नाही. रिबन आणि कागद एकाच पाकिटात मोजून येत असल्याने पाकिटाची किंमत भागिले कागद एवढाच हिशेब. पांढऱ्या भिंतीचा फोटो आणि रात्रीच्या गोदाघाटाचा फोटो यांना सारखाच खर्च येतो. एका ४×६ च्या कागदावर ३५×४५ मिलिमीटरचे आठ पासपोर्ट फोटो बसतात. अ‍ॅडमिशन आणि बँकेच्या फॉर्मांच्या दिवसांत रात्री दहाला ही सोय खरी कळते. मात्र आकार ४×६ च्या पुढे जात नाही आणि दर प्रिंटमागे लॅबपेक्षा जास्त पैसे जातात, हे मान्य करूनच तो घ्यावा. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही: वापरून झालेल्या रिबनवर छापलेला प्रत्येक फोटो उलट्या छटांत स्पष्ट दिसत राहतो, म्हणून ती घंटागाडीत टाकण्यापूर्वी कात्रीने कापावी.